मंत्र गुप्त, हिशेब उघड : प्रधानांच्या जबाबदारीच्या कागदोपत्रीं खुणा

प्रधानानें आपल्या वर्तनाबद्दल व आपल्या खात्याच्या कारभाराबद्दल कोणास, केव्हां व कोणत्या रीतीनें जाब द्यावा, हा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राचा समजला जातो. इतिहाससंशोधकानें व जुन्या कागदांच्या संग्राहकानें त्यांत पडण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, या प्रश्नाचा निर्णय आपल्याकडे ग्रंथांत थोडा व कागदाच्या कडेवर, पाठीवर आणि जोडावर फार झालेला आहे. तो वाचण्याची दृष्टि नसल्यामुळें आपण कागदाचा मजकूर उतरून घेतों आणि जबाबदारीची खूण टाकून देतों. प्रस्तुत लेखांत त्या खुणांचा अर्थ शास्त्रापासून आजच्या राज्यघटनेपर्यंत क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. ‘जबाबदार’ म्हणजे जबाब देण्यास बांधलेला. मूळ ‘जवाब’ शब्द अरबी, ‘दार’ हा प्रत्यय फारसी. ‘उत्तरदायी’ हें त्याचेंच संस्कृत रूप. याच्या उलट ‘मंत्री’ हा शब्द ‘मंत्र’ म्हणजे गुप्त मसलत यावरून निघाला. म्हणजे पदाचें नांव गुप्ततेचें व त्यावरील बंधन प्रकटतेचें, असा येथें आरंभापासूनच पेंच आहे. हा पेंच आपल्या पूर्वजांनीं एका साध्या भेदानें सोडविला. मसलत गुप्त राहावी, हिशेब उघडा व्हावा. जेथें हा भेद पाळला गेला तेथें प्रधानास जाब विचारतां आला. जेथें मसलतीच्या पडद्याआड हिशेब लपविला गेला तेथें तो विचारतां आला नाहीं. या लेखाचें प्रमेय एवढेंच आहे.

(१) शास्त्रकारांचें मत

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथील प्राच्य ग्रंथालयांत आर. शामशास्त्री यांच्या हातीं आली आणि १९०९ सालीं त्यांनीं तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. पुढें मुंबईचे प्रा. र. पं. कंगले यांनीं त्याची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. या ग्रंथाच्या पहिल्या अधिकरणांत अमात्यांची परीक्षा धर्म, अर्थ, काम आणि भय या चार उपधांनीं करावी असें सांगितलें आहे. ही परीक्षा नेमणुकीच्या वेळची होय. प्रस्तुत विषयास अधिक उपयोगी मजकूर दुसऱ्या अधिकरणांत, अक्षपटलाच्या म्हणजे हिशेबदप्तराच्या प्रकरणांत आहे.

तेथें तीन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. सर्व खात्यांचे हिशेब वर्षाअखेर आषाढी पौर्णिमेस दप्तरीं दाखल व्हावेत, ही पहिली. मोहोरबंद हिशेब व शिल्लक घेऊन आलेल्या अधिकाऱ्यांस तपासणी होईपर्यंत परस्परांशीं बोलूं देऊं नये, इतकी सावधगिरी ग्रंथकार सांगतो. दुसरी गोष्ट महामात्रांची. खात्यांच्या कारभाराचा वृत्तांत त्यांनीं सर्वांनीं मिळून व एकमेकांस विसंगत न होतां सांगावा आणि त्यांत जो फुटून वेगळें अथवा खोटें बोलेल त्यास उत्तम साहसदंड व्हावा, असा त्या स्थळाचा अर्थ लावितात. आज ज्यास मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी म्हणतात तिची छाया येथें दिसते. मात्र ती प्रजेपुढची नसून राजापुढची आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एखाद्या अधिकाऱ्यावर अपहाराचा आरोप आला असतां, याच्या हातून ज्यांस उपद्रव झाला असेल त्यांनीं येऊन सांगावें, अशी दवंडी त्याच्या अधिकारक्षेत्रांत पिटवावी, आणि लोक जें नुकसान सांगतील तें त्यांस भरून द्यावें. अपहार उघडकीस आणणाऱ्यास सिद्ध झालेल्या रकमेचा सहावा भाग व तो खात्यांतलाच नोकर असल्यास बारावा भाग द्यावा, असेंही सांगितलें आहे. अपहाराचे प्रकार ग्रंथकारानें चाळीस मोजले आहेत. जमा झालेली रक्कम न लिहिणें, पूर्वीं आलेली मागाहून लिहिणें, एकाकडून आलेली दुसऱ्याच्या नांवावर लिहिणें, हे त्यांपैकीं कांहीं. वाचकांस ते परके वाटणार नाहींत.

दुसरा ग्रंथ शुक्रनीति. या ग्रंथाच्या काळाविषयीं विद्वानांत मोठा मतभेद आहे. कित्येक त्यास प्राचीन मानतात, तर कित्येक तो अगदीं अलीकडचा, एकोणिसाव्या शतकांतला, ठरवितात. म्हणून त्याचा दाखला काळाच्या प्रमाणासाठीं न घेतां कल्पनेच्या स्पष्टतेसाठीं घ्यावा. त्याच्या दुसऱ्या अध्यायांत राजपत्रावर कोणत्या प्रधानानें कोणता शेरा लिहावा याचा क्रमच लावून दिला आहे. मंत्री, प्राड्विवाक, पंडित व दूत यांनीं हा लेख आपणांस विरुद्ध नाहीं असें लिहावें. अमात्यानें लेख नीट लिहिला आहे असें. सुमंत्रानें नीट विचार केला आहे असें. प्रधानानें मजकूर खरा आहे असें. आणि प्रतिनिधीनें तो अंगीकारण्यास योग्य आहे असें. सर्वांनीं आपापल्या मुद्रा केल्यावर अखेर राजानें मान्यता लिहावी. राजाची खूण असलेला लेख हाच खरा राजा, देहधारी राजा नव्हे, असेंही हा ग्रंथकार म्हणतो. याचा व्यवहारांतील अर्थ असा कीं, मागाहून हुकूम चुकीचा निघाला तर चूक मजकुराची होती, विचाराची होती, कीं वस्तुस्थितीची, हें कागद पाहूनच सांगतां येईल, आणि त्याप्रमाणें जाब कोणास विचारावयाचा हेंही कळेल. जबाबदारी वांटून दिल्याशिवाय ती विचारतां येत नाहीं, हें तत्त्व याहून स्पष्टपणें क्वचितच कोणी मांडलें असेल.

(२) शिवशाहीचा कानुजाबता

शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १३, म्हणजे ६ जून १६७४ रोजीं झालेल्या राज्याभिषेकानंतर प्रधानांच्या कर्तव्यांची जी यादी झाली ती ‘कानुजाबता’ या नांवानें संशोधकांस परिचित आहे. पेशवे, मुजुमदार, सुरनीस, वाकेनवीस, डबीर, सरनौबत हीं फारसी नांवें जाऊन मुख्य प्रधान, अमात्य, सचिव, मंत्री, सुमंत, सेनापति हीं संस्कृत नांवें आलीं, एवढेंच त्याविषयीं पाठ्यपुस्तकांतून शिकविलें जातें. वास्तविक त्या यादीचें मर्म नांवांत नसून चिन्हांत आहे. मुख्य प्रधानानें राजपत्रावर शिक्का करावा. अमात्यानें राज्याच्या जमाखर्चाची चौकशी ठेवून फडणिशी व चिटणिशी पत्रांवर आपलें निशाण करावें. सचिवानें पत्रांतील अधिक उणें अक्षर शोधून शुद्ध करावें व संमतीचें चिन्ह करावें. न्यायाधीशानें निवाडपत्रांवर आणि पंडितरावानें आचार, व्यवहार व प्रायश्चित्त यांच्या पत्रांवर आपापलीं चिन्हें करावीं. प्रधान मुलूखगिरीवर गेला तर त्याच्या मुतालिकानें राजधानींत काम चालवावें, अशीही तजवीज आहे. म्हणजे प्रधान जागेवर नव्हता ही सबब चालावयाची नाहीं.

सचिवाच्या कामाकडे विशेष लक्ष वेधितों. अधिक उणें अक्षर शोधणें हें काम वरकरणीं कारकुनाचें दिसतें. पण राज्यांतील एका मोठ्या प्रधानास तें नेमून दिलें आहे. पत्राच्या शेवटीं जें मोर्तब होत असे त्यांतील ‘मर्यादेयं विराजते’ हे शब्द संग्राहकांच्या नित्य पाहण्यांतले आहेत. या मर्यादेच्या खालीं कांहीं लिहिल्यास तें राजाचें नव्हे. कागद लांब असेल तर तुकड्यांच्या जोडावर पाठीमागून शिक्का होई, तोही याच हेतूनें.

जाब विचारण्याची त्या काळची तऱ्हा पाहावयाची असेल तर प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास महाराजांनीं लिहिलेलें पत्र पाहावें. पद्मदुर्गाच्या कामीं दर्यासारंग व दौलतखान यांस ऐवज व गल्ला पोंचविण्याची आज्ञा झाली असतां सुभेदारानें ती पाळली नाहीं. पत्रांत महाराज प्रथम काय आज्ञा होती तें सांगतात, मग ती न पाळल्यामुळें आरमाराचें काय नुकसान होतें तें दाखवितात, मग हबशानें कांहीं देऊन तुम्हांस वश केलें असेल असा उघड संशय घेतात, आणि अखेर ब्राह्मण म्हणून कोणाचा मुलाहिजा राहणार नाहीं अशी ताकीद देतात. आज्ञा, चूक, परिणाम, संशय, ताकीद असा हा क्रम आहे. आजच्या चौकशीच्या अहवालास याहून निराळा क्रम लागत नाहीं.

तथापि या व्यवस्थेंतही एक उणीव होती. सुभेदारास जाब विचारणारा राजा होता. पण खुद्द प्रधानांस, राजाच्या पश्चात्, कोणत्या रीतीनें जाब विचारावा हें ठरलेलें नव्हतें. १६८० सालीं महाराज निवर्तल्यावर अण्णाजी दत्तो प्रभृति प्रधानांनीं राजाराम महाराजांस गादीवर बसविण्याचा उद्योग केला. संभाजी महाराजांनीं प्रथम त्यांस क्षमा करून पुन्हां कारभारांत घेतलें, आणि १६८१ सालीं दुसरें कारस्थान उघडकीस येतांच देहदंड दिला. कोणाची बाजू न्याय्य होती याची चर्चा येथें करीत नाहीं. क्षमा आणि देहदंड यांच्या मधली पायरी, म्हणजे पद काढून घेऊन हिशेब मागण्याची पायरी, जेथें रूढ झालेली नसते तेथें प्रधानही कारस्थानास प्रवृत्त होतो व राजाही क्रूरतेस, इतकाच बोध आम्ही त्यांतून घेतों.

रामचंद्रपंत अमात्यांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या आज्ञापत्रांत प्रधानास मदोन्मत्त राजावरील अंकुशाची उपमा दिली आहे. उपमा यथार्थ आहे. पण अंकुशावर अंकुश कोणाचा, हा प्रश्न उरतोच. शिवछत्रपतींनीं पदें वंशपरंपरेनें न देण्याचा व नेमणूक रोख देण्याचा जो परिपाठ ठेविला होता, त्याचें महत्त्व न्या. रानडे यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. तो परिपाठ पुढें मोडला. सचिव भोरास, अमात्य बावड्यास आणि प्रतिनिधि औंधास आपापल्या मुलखाचे धनी होऊन बसले. पद जेव्हां वतन होतें तेव्हां जाब मागण्याचें मुख्य साधन, म्हणजे पदावरून दूर करणें, हेंच नाहीसें होतें.

(३) पेशवाईचे दरकदार

पेशवाईंत मामलेदारावर दाब ठेवण्यासाठीं त्याच्या शेजारीं दरकदार नेमले जात. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखाननीस, चिटणीस, जामदार व पोतनीस असे आठ दरक सामान्यतः सांगतात. त्यांची नेमणूक हुजुरांतून होई. मामलेदारास त्यांस दूर करितां येत नसे. यांतच त्यांचें सामर्थ्य होतें. मुजुमदारानें तपासून खूण केल्याशिवाय हिशेब पुरा समजला जात नसे. पोतनिसाच्या कीर्दीशीं न जुळणारी रक्कम फडणिसास दडवितां येत नसे. पुणें येथील हुजूर दप्तराचे फड, बेहडा, सरंजाम, एकबेरीज इत्यादि विभाग होते. बेहड्यांत आगाऊ अंदाज बांधला जाई, व एकबेरजेंत सर्व सुभ्यांचा ताळा एकत्र पाहावयास मिळे. अंदाज एकीकडे व प्रत्यक्ष खर्च दुसरीकडे ठेवून ते ताडून पाहणें, हेंच खात्याच्या जबाबदारीचें मूळ होय.

या दप्तरांतील कागदांवर जे लहान लहान शब्द येतात ते संग्राहकानें कधींही वगळूं नयेत. ‘परवानगी रूबरू’ म्हणजे धन्यानें समक्ष आज्ञा दिली. ‘रसानगी’ म्हणजे ज्याच्या मार्फत वा ज्या यादीच्या आधारें पत्र निघालें तिचा निर्देश. ‘निसबत’ म्हणजे कोणाच्या ताब्यांतील वा हाताखालील. ‘गुजारत’ म्हणजे कोणाच्या हातून रक्कम गेली. ‘विद्यमान’ म्हणजे कोणाच्या समक्ष. ‘पैवस्ती’ म्हणजे कागद केव्हां पोंचला. हुकूम केव्हां निघाला व केव्हां पोंचला यांतील अंतर कळल्याशिवाय अंमल न झाल्याचा दोष कोणावर ठेवावा हें सांगतां येत नाहीं. हे शब्द म्हणजे जबाबदारीचे दुवे आहेत. एक दुवा गळाला कीं दोष हवेंत तरंगतो.

पण हें यंत्र खालच्या अधिकाऱ्यांस धरीत असे. वरच्यांस धरण्यास तें अपुरें पडे. दोन प्रसंग प्रसिद्ध आहेत. पहिला ३० ऑगस्ट १७७३ रोजीं झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या वधाचा. गारद्यांस दिलेल्या हुकुमांत ‘धरावें’ या शब्दांतील ‘ध’ काढून ‘मा’ केला, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे. ग्रँट डफ यानें १८२६ च्या आपल्या इतिहासांत रामशास्त्री प्रभुण्यांच्या चौकशीसंबंधानें अशाच आशयाची हकीकत दिली आहे. पुरावा म्हणून आख्यायिकेस जितकी किंमत द्यावयाची तितकीच तिला द्यावी. तथापि लोकांनीं हीच गोष्ट दोनशें वर्षें सांगावी यांत अर्थ आहे. अधिक उणें अक्षर शोधणारा सचिव ज्या कागदावरून गेला नाहीं, त्या कागदाचें एक अक्षर राज्याचा घात करूं शकतें, हें लोकांस उमगलें होतें. रामशास्त्र्यांनीं दोषी कोण तें सांगितलें व पद सोडलें. न्यायाधीशास निवाडा देतां आला, अंमल करितां आला नाहीं; तो बारभाईंच्या तलवारीनें करावा लागला.

दुसरा प्रसंग १७९१ सालचा, पुण्याच्या घाशीराम कोतवालाचा. कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळलें, न्यायाधीश अय्याशास्त्री यांच्यापर्यंत प्रकरण गेलें आणि कोतवाल लोकांच्या हवालीं होऊन दगडांखालीं मेला. कोतवालास शिक्षा झाली, इतकें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या कोतवालास नेमणारे व वर्षानुवर्षें ठेवणारे नाना फडणीस यांनीं आपल्या खात्याचा जाब कोणापुढें दिला? कोणापुढेंच नाहीं, कारण असा जाब ऐकणारें पीठच नव्हतें. खालच्या माणसाचा बळी देऊन वरचा सुटावा, हा दोष तेव्हांपासून आजतागायत आपल्या पाठीस लागलेला आहे. वस्तुतः नानांइतका कागदाचा काटेकोर माणूस दुसरा दाखवितां येणार नाहीं; पण ज्यानें सर्वांचे हिशेब घ्यावयाचे त्याचा हिशेब घेणारा कोणी नाहीं, ही स्थिति त्याच्या गुणांनींही भरून निघत नाहीं.

(४) निजामी मुलुखांतील कारभार

आतां आमच्या आखाडा बाळापुराच्या मुलुखाकडे वळतों. कळमनुरी तालुक्यांतील हें गांव १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यांत, त्यापूर्वीं परभणी जिल्ह्यांत, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. येथील जुन्या घरांतून पाटील-कुळकर्ण्यांचे व देशमुख-देशपांड्यांचे रुमाल सांपडतात ते मोडींत. वरचा सरकारी कारभार १८८४ च्या सुमारापर्यंत फारसींत व नंतर उर्दूंत. रयतेची भाषा एक, प्रधानाची दुसरी. तेव्हां रयतेनें प्रधानास जाब विचारण्याचा मार्ग भाषेपासूनच बंद होता.

शेजारच्या हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, हें येथील वृद्ध मंडळी ऐकून आहेत. या फौजेच्या पगाराचें प्रकरण म्हणजे हिशेब झाकल्यावर काय होतें याचा उत्तम नमुना होय. १८०९ पासून १८३२ पर्यंत हैदराबादेस दिवाण म्हणून नांव मुनीर-उल्-मुल्काचें होतें व सर्व सत्ता पेशकार राजा चंदूलाल याच्या हातीं होती. ज्याचें नांव त्यास काम नाहीं आणि ज्याचें काम त्याचें नांव नाहीं, अशी ही जोडी असल्यावर जाब कोणास विचारावा? फौजेचा पगार भागविण्यासाठीं चंदूलालानें पामर कंपनी या पेढीकडून जबर व्याजानें कर्जें काढलीं. इंग्रज प्रजाजनांनीं देशी राजांस कर्ज देण्याची कायद्यानें बंदी असतां १८१६ सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यानें या पेढीस ती माफ केली. पेढीचा एक भागीदार, सर विल्यम रंबोल्ड, हेस्टिंग्जच्या घरीं वाढलेल्या मुलीचा नवरा होता. १८२० सालीं ६० लक्षांच्या मोठ्या कर्जास मंजुरी मिळाली. त्याच वर्षीं रेसिडेंट होऊन आलेल्या चार्ल्स मेट्काफनें हिशेब मागितला, तेव्हां त्या कर्जांत नवी रोकड थोडी व जुन्या येण्याची फिरवाफिरव फार, असें दिसून आलें. पेढीचें देणें वारण्यासाठीं निजामानें उत्तर सरकारांबद्दल इंग्रजांकडून वर्षास मिळणारी सात लक्षांची पेशकश कायमची सोडून दिली व त्याबदल्यांत १,१६,६६,६६६ रुपये एकरकमी घेतले. १८२४ सालीं पेढी बुडाली. चंदूलाल मात्र १८४३ पर्यंत अधिकारावर राहिला.

फौजेच्या पगाराची थकबाकी वाढतच गेली आणि मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड, धाराशीवकडील मुलूख व रायचूर दुआब इंग्रजांच्या हवालीं करावे लागले. एका प्रधानाच्या न विचारलेल्या हिशेबाची किंमत रयतेनें प्रांतांच्या रूपानें भरली. धाराशीव व रायचूर १८६० सालीं परत आले. वऱ्हाड निजामी अंमलाखालीं पुन्हां आलें नाहीं.

त्याच मे १८५३ मध्यें दिवाणगिरी पहिल्या सर सालारजंगांकडे आली. महसूल मक्त्यानें देण्याची रीत मोडून त्यांनीं पगारी अधिकारी नेमले, १८६५ सालीं जिल्हाबंदी केली आणि १८६८ च्या सुमारास न्याय, महसूल, पोलीस व संकीर्ण अशा चार खात्यांवर सदर-उल्-महाम नेमले. खात्यास नांव व नांवास माणूस मिळाला, ही मोठीच सुधारणा झाली. परंतु त्यांचा जाब दिवाणापुढें व दिवाणाचा निजामापुढें, एवढीच त्या शिडीची उंची होती. म्हणून सालारजंग १८८३ सालीं वारल्यावर पांच वर्षांच्या आंतच खाणींच्या मक्त्याचें प्रकरण उद्भवलें. १८८६ सालीं लंडनच्या मंडळीस दिलेल्या सवलतींत खुद्द राज्याचा अधिकारी सरदार दिलेर जंग अब्दुल हक याचा खाजगी लाभ असल्याचा बोभाटा झाला. त्यास पदावरून दूर करण्यांत आलें. आणि १८८८ सालीं त्याची चौकशी झाली ती हैदराबादेस नव्हे, तर इंग्लंडच्या पार्लमेंटच्या समितीपुढें. आमच्या प्रांतांतील खाणींचा हिशेब सात समुद्रांपलीकडील सभेनें विचारावा, कारण येथें विचारणारी सभाच नव्हती, याहून अधिक बोलका दाखला कोणता?

१९१४ पासून १९१९ पर्यंत तर निजाम मीर उस्मान अलीखान यांनीं दिवाणाशिवायच कारभार पाहिला. १९१९ च्या नोव्हेंबरांत सर अली इमाम यांच्या अध्यक्षतेखालीं कार्यकारी मंडळ झालें. १९३७ सालीं नेमलेल्या अरवमुदु अय्यंगार समितीच्या सूचनांवरून १९३९ सालीं सुधारणा जाहीर झाल्या. पण मंत्री राजासच जबाबदार, हें सूत्र त्यांतही कायम राहिलें. सप्टेंबर १९४८ मध्यें हें राज्य भारतांत विलीन झालें, आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव यांचें मंत्रिमंडळ आलें तेव्हां आमच्या मुलुखांतील मतदारांच्या सभासदांपुढें मंत्र्यांस प्रथमच उत्तर देणें प्राप्त झालें. आषाढी पौर्णिमेस राजापुढें ठेवावयाचा हिशेब येथें प्रजेपुढें येण्यास १९५२ साल उजाडावें लागलें.

(५) राज्यघटनेची रीति

भारताच्या राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदान्वयें राज्याचें मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिक रीतीनें जबाबदार आहे. १६३ व्या अनुच्छेदान्वयें मंत्र्यांनीं राज्यपालांस कोणता सल्ला दिला याची न्यायालयांत चौकशी होऊं शकत नाहीं. आणि १५१ व्या अनुच्छेदान्वयें नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे अहवाल विधिमंडळापुढें ठेवावे लागतात. मंत्र गुप्त व हिशेब उघड हा जुना भेद येथें जवळजवळ जसाच्या तसा उतरला आहे. डिसेंबर १९४८ मध्यें घटनासमितींत डॉ. आंबेडकर यांनीं सामुदायिक जबाबदारी पंतप्रधानाच्या द्वाराच अंमलांत येते, कारण नेमणें व दूर करणें त्याच्या सल्ल्यावर अवलंबून असतें, असें प्रतिपादन केलें होतें. पद वतन झाल्यास जबाबदारी मरते, हा शिवशाहीपासूनचा अनुभव याच अर्थाचा आहे.

एका बाबतींत मात्र आजची रीत जुन्याहून निराळी आहे, आणि संशोधकानें ती नीट समजून घ्यावी. १६६ व्या अनुच्छेदाप्रमाणें शासनाचे हुकूम राज्यपालांच्या नांवानें निघतात व त्यांवर सही सचिव अथवा इतर अधिकृत अधिकाऱ्याची असते. मंत्र्याचें चिन्ह हुकुमावर असलेंच पाहिजे असा दंडक नाहीं. तें असतें नस्तींतील टिपणीखालीं. म्हणून आज मंत्र्याची जबाबदारी शोधावयाची तर निघालेला हुकूम पुरत नाहीं, नस्ती पाहावी लागते. आणि नस्ती गहाळ झाली कीं जुन्या दप्तरांतील ‘रसानगी’ फाटून गेल्यासारखें होतें. माहितीच्या अधिकाराचा महाराष्ट्राचा कायदा २००२ सालीं व केंद्राचा २००५ सालीं झाला, त्याचें महत्त्व या दृष्टीनें पाहावें. मंत्र्यांविरुद्धच्या तक्रारींसाठीं लोकआयुक्तांचा अधिनियम महाराष्ट्रानें त्यापूर्वींच, १९७१ सालीं, केला होता.

महाराष्ट्रांतील एक प्रकरण येथें नमूद करणें अवश्य आहे. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या कारकीर्दींत झालेलें सिमेंटचें वाटप व एका प्रतिष्ठानास मिळालेल्या देणग्या यांचा परस्परसंबंध असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बख्तावर लेंटिन यांनीं जानेवारी १९८२ मध्यें दिला आणि मुख्यमंत्र्यांनीं राजीनामा दिला. पुढील फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत अनेक वेळां गेला. त्यांतून शिक्षा झाली नाहीं. कोणत्याही पक्षाचा कैवार न घेतां एक गोष्ट सांगतां येते. मूळ निर्णयाचा पाया कोणाच्या कबुलीवर नव्हता; वाटपाचे व देणग्यांचे कागद एकमेकांशेजारीं ठेवून ते ताडून पाहण्यावर होता. मुजुमदाराचें काम तें हेंच. शिवाय क्षमा आणि देहदंड यांच्या मधली पायरी, जी १६८१ सालीं नव्हती, ती येथें दिसते. पद गेलें, पुढची चौकशी कायद्यानें चालली, आणि शिक्षा न झालेला गृहस्थ पुन्हां सार्वजनिक जीवनांत वावरला.

(६) संग्राहकांस विनंति

वरील विवेचनावरून संग्राहक बंधूंच्या ध्यानांत येईल कीं, आपल्या हातांतील कागदाचें मोल केवळ त्यांतील लढायांच्या व वंशावळींच्या मजकुरांत नाहीं. मोडी कागद उतरून घेतांना पाठीवरचे शेरे, कडेचे आकडे, जोडावरचे शिक्के आणि मोर्तबाची जागा यांची नोंद अवश्य करावी. बांधणीसाठीं कागदांच्या कडा कापूं देऊं नयेत; दुवे बहुधा कडेलाच असतात. पुढील बाजूबरोबर मागील बाजूचेंही छायाचित्र घ्यावें. रुमालांतील क्रम मोडूं नये. कारण बेहडा व त्याचा प्रत्यक्ष हिशेब एकत्र बांधलेला असेल तरच ताळा पाहतां येतो. विकत घेतांना देखणा शिक्का असलेला एकच कागद उचलून बाकीचा रुमाल रद्दींत जाऊं देणें, म्हणजे निवाडा ठेवून साक्षी जाळणें होय. आमच्या भागांत पाटील-कुळकर्ण्यांचे रुमाल वाळवीच्या व रद्दीवाल्याच्या वाटेवर आहेत. त्यांत गांवाकडून काय वसूल झालें हें लिहिलेलें आहे; वर काय पोंचलें हें सरकारी दप्तरांत आहे. या दोहोंतील अंतर म्हणजेच त्या त्या काळच्या कारभाऱ्यांचा न विचारलेला जाब. तो आतां त्यांस विचारतां येणार नाहीं. पण काय विचारावयाचें होतें, हें सांगण्याची सोय तरी राहील.

तात्पर्य, प्रधानाच्या सचोटीवर विश्वास ठेवावा असें कोणत्याही शास्त्रकारानें सांगितलेलें नाहीं. कोणी काय केलें हें लिहिलेलें असावें, लिहिणारा व तपासणारा वेगळा असावा, तपासणाऱ्यास ज्याची तपासणी त्याच्याकडून भय नसावें, आणि अखेरचा हिशेब ज्यांचें द्रव्य त्यांच्यापुढें यावा, हीं चार कलमें कौटिल्यापासून आजच्या घटनेपर्यंत निरनिराळ्या शब्दांत आढळतात. यांपैकीं पहिलें कलम आपल्या हातीं आहे. लिहिलेलें राखून ठेवणें हें संग्राहकांचें काम होय.